जोडीचा फोटो

फोटो काढून घेणे हा आपल्याकडे अजूनही एक विधी आहे. खिशाखिशांत मोबाईल आले, लग्नमंडपावर ड्रोन घिरट्या घालू लागले, तरी कोणी गळ्यात कॅमेरा अडकवून समोर उभा राहिला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातला माणूस आधी टोपी नीट करतो, मग सदऱ्याची वरची गुंडी लावतो आणि शेवटी श्वास रोखून धरतो. त्या श्वासाबरोबर त्याचा चेहराही कुठेतरी आत जाऊन बसतो. एरवी बोलता बोलता ज्याच्या डोळ्यांत हसू मावत नाही, तोच गृहस्थ फोटोत मात्र कोर्टात साक्षीला उभा राहिल्यासारखा दिसतो.

मी शाळामास्तर. शाळेतून वेळ उरला की कादंबऱ्या लिहितो आणि कादंबरी अडली की फोटो काढतो. दोन्ही धंद्यांत अडचण एकच. माणसाला त्याचा चेहरा टाकून न देता कसे पकडावे? कादंबरीत ती अडचण मला अजून सुटलेली नाही. फोटोपुरती मात्र एक युक्ती सापडली आहे, आणि ती इतकी साधी आहे की सांगताना थोडा संकोच वाटतो. माणसाला एकट्याला उभे करू नये. त्याच्या शेजारी त्याचे जनावर उभे करावे. एकटा माणूस फोटोसाठी उभा राहतो. जनावर जवळ असले की तो त्या जनावराला सांभाळण्यासाठी उभा राहतो, आणि त्या गडबडीत टोपी, गुंडी, श्वास सगळे विसरतो.

गंमत अशी की फोटोग्राफीच्या जन्माच्या वेळी हे जमणारच नव्हते. फ्रान्समध्ये १८३९ साली लुई दागेरची रीत जगापुढे आली, तेव्हा एका चित्रासाठी समोरच्याला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. पुढे तो अवधी सेकंदांवर आला, तरी डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी चिमटा लावीत. आपल्या खापरपणजोबांच्या पिढीतले लोक फोटोत एवढे करारी का दिसतात, याचे निम्मे उत्तर त्या चिमट्यात आहे. कुत्र्याला असा चिमटा कोण लावणार? त्याने मान हलवली की फोटोत त्याला दोन डोकी यायची किंवा एकही नाही. १८७८ साली मायब्रिज नावाच्या गृहस्थाने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची चित्रे घेतली आणि धावताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात हे जगाला दाखवले. म्हणजे माणूस चित्रात स्थिर बसला त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी घोडा चित्रात धावला.

माझा पहिला चांगला कॅमेरा मी एका कादंबरीच्या मानधनात पगाराची भर घालून घेतला. आत आरसा असलेला, दांडगा आणि काळाकुळकुळीत. भिंग आणि फ्लॅश लावून एकदा कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर ठेवला, तर अडीच किलोच्या वर भरला. "गुरुजी, एवढी तूरडाळ घेतली असती तर महिना निघाला असता," वाणी म्हणाला. पण त्या वजनात एक रुबाब होता. तो गळ्यात असला की एस.टी.त जागा मिळे, लग्नात पहिल्या पंगतीला बोलावणे येई, आणि पुढाऱ्यांच्या सभेत लोक मला वर्तमानपत्राचा माणूस समजून वाट करून देत.

वाट करून देत नसत ती फक्त जनावरे. गाय आणि बकरी यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. पाठीमागची थोडी जागा सोडली तर त्यांना सभोवतालचे सगळे दिसते. बकरीच्या डोळ्यातली बाहुली तर आडवी असते, क्षितिजावर नजर ठेवण्यासाठीच जणू बसवलेली. ज्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षे वाघ-लांडग्यांची वाट चुकवली, त्यांच्या समोर येऊन कोणी एकटक रोखून पाहू लागला की त्याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच असतो. त्यात माझ्या कॅमेऱ्याचा तो मोठा काळा डोळा, आणि बटण दाबताच आतला आरसा उचलल्याचा खट्कन् आवाज! बकरी दावे तोडून पळे, मागोमाग आजीबाई पळत आणि माझ्या फोटोत गोठ्याची रिकामी भिंत येई.

अशा कॅमेऱ्याने मी बरीच वर्षे काम केले. मग माझा उजवा खांदा बोलू लागला. खडू घेऊन फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात जाईना. डॉक्टरांनी तपासून वय विचारले, चाळिशी उलटल्याचे ऐकून मान डोलावली आणि ओझे उचलू नका म्हणून सांगितले. डॉक्टरांचे सांगणे आपण ऐकतो आणि औषधाच्या चिठ्ठीबरोबर घडी करून खिशात ठेवतो. मी तेच केले.

ते सांगणे मनात उतरले पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या वऱ्हाडात श्रावणी अमावास्येला पोळा भरतो आणि त्याच्या आदल्या सांजेला खांदशेकणी असते. वर्षभर ज्या मानेवर जू घासले, ती मान हळद आणि तूप लावून, पळसाच्या पानांनी कोमट कोमट शेकतात, आणि बैलांच्या कानाशी लागून त्यांना रीतसर निमंत्रण देतात की, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यात हे टिपायला गेलो होतो. कॅमेरा उचलला आणि खांद्यात अशी कळ आली की तोंडातून आवाज निघाला. म्हाताऱ्याने वळून पाहिले. बैलाच्या मानेवरचा पानांचा झुबका उचलला आणि मला काही कळायच्या आत माझ्या खांद्यावर ठेवला.

"तुमचाबी खांदा सुजला का जी?" तो म्हणाला. "पाहा गुरुजी, बैल थकला का आमी त्याले नांगराले नाई जुपत. डवऱ्याले जुपतो. तुमीबी आता नांगर सोडा अन् डवरा धरा."

डवरा म्हणजे पिकाच्या ओळींमधले तण काढायचे हलके अवजार. नांगर जमीन उलटी करतो. डवरा पिकाच्या अंगाला अंग लावून जातो आणि रोपाला धक्का लागू देत नाही. मला वाटते, फोटोग्राफीवरच्या कुठल्याही पुस्तकात याहून नेमका सल्ला नसेल.

असा सल्ला मनावर घेणारा मी पहिला नव्हे, हे पुढे वाचनात आले. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्झ यांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा एक कारागीर होता. त्याला दमा होता आणि रानावनात फिरून फोटो काढण्याची हौसही होती. त्या काळचा पेटीएवढा कॅमेरा, काचेच्या तबकड्या आणि तिकाटणे घेऊन टेकडी चढताना त्याचा श्वास कोंडे. त्याने सिनेमाची पस्तीस मिलिमीटरची फिल्म आडवी वापरून मुठीत मावेल असा कॅमेरा तयार केला. पहिला नमुना पहिल्या महायुद्धाच्या आधी-मागे झाला, आणि १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तो 'लायका' या नावाने विक्रीला आला. त्या चिमुकल्या यंत्राने जगातल्या वर्तमानपत्रांचे रूप पालटले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या मुळाशी एका दमेकऱ्याची धाप होती, हे मला अधिक जवळचे वाटते. आपल्या काळात तेच पुन्हा एकदा घडले. २००८ साली आरसा काढून टाकलेले, भिंगे बदलता येणारे छोटे डिजिटल कॅमेरे बाजारात येऊ लागले. आरसा गेला, त्याबरोबर त्याची जागा गेली, वजन गेले आणि आवाजही गेला.

तसला एक जुना कॅमेरा मी विकत घेतला. भिंगासकट सहाशे ग्रॅमच्या आत. नांगर विकला, डवरा धरला. शिक्षकांच्या खोलीत थट्टा झाली. "गुरुजी, पोरांचं खेळणं आणलं काय?" एका लग्नघरी तर मला फोटोग्राफर म्हणून कोणी ओळखले नाही आणि जेवण शेवटच्या पंगतीला मिळाले. रुबाब गेला तो गेलाच.

पण या कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा वर उचलता येतो. त्यामुळे तो डोळ्याला न लावता पोटाशी, गुडघ्याशी, अगदी जमिनीलगतही धरता येतो आणि खाली मान घालून चित्र पाहता येते. दिसायला ही एवढीशी सोय. तिने माझे सगळे काम बदलले. उभ्याने, वरून पाहिले की बकरीची पाठ दिसते आणि कुत्र्याचे कपाळ. बकरीच्या उंचीवर उतरले की प्रथमच तिचा चेहरा दिसतो, आणि तिच्याकडे वाकलेल्या माणसाचाही दिसतो. शिवाय मी मान खाली घातलेली, म्हणजे जनावराकडे रोखून पाहणारे कोणी उरत नाही. पूर्वी पळालेल्या त्याच बकरीच्या आजीकडे मी पुन्हा गेलो. या खेपेस बकरीने माझ्याकडे ढुंकूनही न पाहता आजीचा पदर चघळायला घेतला. आजी तिला शिव्या घालता घालता हसत सुटली. तो फोटो पाहून तिचा नातू म्हणाला, "आमच्या बुढीले दात नाईत, हे आजवर एकाबी फोटोत दिसलं नव्हतं."

या फोटोंनी मला मौजेबरोबर काही शिकवलेही. एका पोळ्याला एका मालकाने सजवलेल्या बैलाबरोबर फोटो काढायला बोलावले. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, कासरा मालकाच्या हाती. मी कॅमेरा गुडघ्याशी धरून वाट पाहत होतो, पण बैलाचे तोंड काही समोर येईना. तो पुन्हा पुन्हा मान वळवून मागे पाही. मागे गर्दीत त्यांचा सालदार उभा होता. त्यानेच पहाटे बैल धुतला होता, शिंगे रंगवली होती, आणि वर्षभर वैरण-पाणीही तोच करीत होता. मालकाने एकदा कासरा ओढला, दोनदा ओढला. मग त्यालाही ते दिसले. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "ये रे इकडं. गुरुजी, फोटो याचाच काढा. मी त पावतीपुरता मालक हाय." सालदार लाजत पुढे आला. बैलाने मान खाली केली आणि त्याच्या छातीला कपाळ घासले. बाशिंग वाकडे झाले. मी बटण दाबले, आणि आवाज न झाल्यामुळे ते कोणाला कळलेही नाही. जनावर कोणाचे, याचा निवाडा जनावरच देते.

माझ्या वर्गात तांड्यावरचा एक मुलगा होता. पहिले सहा महिने तो बोललाच नाही. घरात गोरमाटी बोली आणि पुस्तकात प्रमाण मराठी, त्या दोहोंच्या मध्ये तो गप्प उभा. एका रविवारी मी तांड्यावर गेलो, तर हा पठ्ठ्या आपल्या कुत्र्याशी अखंड बोलत बसलेला! कुत्रे एक कान उभा करून ऐकत होते आणि मधून मधून शेपटीने हुंकार देत होते. बंजाऱ्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर हिंडत. त्या लदेणीच्या मुक्कामावर राखण कुत्र्यांचीच असे. रेल्वे आणि सडका आल्या, लदेणी संपली, तांडे पुसद-दिग्रसच्या माळांवर स्थिरावले. कुत्रे मात्र अजून उंबऱ्याशी आहे. मी त्या दोघांचा फोटो छापून वर्गाच्या भिंतीवर लावला. सोमवारी मुले विचारू लागली, याचे नाव काय, हा चावतो का, काय खातो? उत्तर देणे भागच होते. पहिली दोन वाक्ये गोरमाटीत आली, तिसरे मराठीत. मी फळ्याकडे तोंड करून उगाच काहीतरी लिहीत राहिलो, कारण वळलो असतो तर तो थांबला असता.

आता जरा जड गोष्ट सांगतो. सणाच्या अंकात ती टाळता आली असती, पण मग हे फोटो मी का काढतो हे अर्धेच सांगितल्यासारखे होईल. आमच्या जिल्ह्यात बाहेरचे कॅमेरे येतात ते ठरावीक कामांसाठी. १९८६ च्या मार्चमध्ये महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायकामुलांसह जीवनाचा शेवट केला. त्यानंतर गेल्या कित्येक वर्षांत यवतमाळचे नाव वर्तमानपत्रात आले की शेजारी बहुधा एकच चित्र असते. हार घातलेली तसबीर आणि तिच्याखाली बसलेली बाई. २०१८ साली राळेगाव-पांढरकवड्याच्या भागात नरभक्षक ठरवलेल्या वाघिणीमुळे देशभरचे कॅमेरे आले. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या जंगलात ती मारली गेली आणि ते परत गेले. त्या दोन वर्षांत जीव मुठीत धरून ज्यांनी गुरे राखली, त्या गुराख्यांचे त्यांच्या गुरांबरोबरचे चित्र मी तरी कुठे पाहिले नाही. दुःखाचे फोटो काढू नयेत असे मी म्हणत नाही. ते काढलेच पाहिजेत. पण एखाद्या माणसाचा उभ्या आयुष्यातला एकच नीट फोटो, आणि तो हार घालण्यासाठी आधारकार्डावरून मोठा केलेला, हे मला सोसत नाही.

आणि जनावरेही कमी होत चालली आहेत. देशात २०१२ च्या पशुगणनेत नर गोवंश पावणेसात कोटींहून अधिक होता. २०१९ च्या गणनेत तो पावणेपाच कोटींवर आला. ट्रॅक्टर तासाच्या हिशेबाने मिळतो आणि त्याला उन्हाळ्यात वैरण लागत नाही. यात कोणाचा दोष काढावा? बैल परवडेनासा झाला, हे त्याच्यावर जीव टाकणारा शेतकरीच आधी सांगतो.

दोन वर्षांमागे ऐन उन्हाळ्यात एक शेतकरी संध्याकाळी माझ्या घरी आला. पाणी प्याला, कापसाच्या भावाबद्दल बोलला, मुलीला यवतमाळच्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचे सांगितले. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाला, "गुरुजी, उद्या सकाळी जोडीचा फोटो काढून द्याल काय?" मला वाटले, नवराबायकोचा. तो म्हणाला, "नाई जी. बैलाईचा. परवा बाजारात नेतो म्हणतो."

सकाळी गेलो. त्याने बैल धुऊन ठेवले होते. पोळा नव्हता, म्हणून झूल नव्हती, बाशिंग नव्हते. त्याने स्वतःही रोजचाच सदरा घातला होता. एका बैलाच्या वशिंडावर हात ठेवून तो उभा राहिला आणि दुसरा बैल मागून त्याच्या खांद्यावरून तोंड पुढे काढून पाहू लागला. मी धुळीत बसून, कॅमेरा मांडीवर धरून, मान खाली घालून होतो. मान खाली होती ते बरे झाले. त्यालाही माझे डोळे दिसले नाहीत आणि मलाही त्याच्याकडे सरळ पाहावे लागले नाही. तो मोठा कॅमेरा असता तर आम्ही दोघेही ओशाळलो असतो.

फोटो यवतमाळहून छापून आणला, काचेत बसवला आणि पावसाळ्याच्या तोंडी त्याला नेऊन दिला. दावण रिकामी होती. त्याने काच उपरण्याने पुसली. हे मी आता अनेकदा पाहिले आहे. एरवी माणूस फोटोत आधी स्वतःला शोधतो. जनावराबरोबरच्या फोटोत मात्र तो आधी जनावर पाहतो, डोळ्यांपासून खुरांपर्यंत नीट पाहतो, आणि मग कुठे त्याची नजर स्वतःवर जाते. तो बराच वेळ बैल पाहत राहिला. मग स्वतःचा चेहरा पाहून नवलाने बायकोला म्हणाला, "अवं, मी असा दिसतो काय?" बायको आतून हात पुसत आली, पाहिले आणि म्हणाली, "त्याईच्याजवळ असाच दिसत होते तुमी." तसबीर देवाच्या फळीशेजारी लागली. मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला गेली आहे. सुट्टीत आली की त्या फोटोचा मोबाईलमध्ये फोटो काढून नेते, असे तिची आई सांगते.

वाचकहो, आपली दिवाळी सुरू होते तीच मुळी वसुबारसेला, गाय-वासराच्या पूजेने. आणि आमच्याकडे बलिप्रतिपदेला गायगोधन असते. गोवारी मंडळी गुरे सजवून वाजतगाजत गावातून नेतात. या दिवाळीत तुमच्या घरी, शेजारी, मामाच्या गावी एखादे जनावर असेलच. गोठा नसेल तर जिन्याखाली मांजर असेल, फाटकाशी कुत्रे असेल. त्याचा आणि त्याच्या माणसाचा एक फोटो काढा. त्यासाठी माझ्यासारखा कॅमेराही नको, हातातला मोबाईल त्याहून हलका आहे. फक्त उभ्याने काढू नका. खाली बसा, कपडे मळले तर मळू द्या. जनावराला हाक मारू नका आणि माणसाला हसा म्हणू नका. दोघांना एकमेकांशी काही काम असते, ते चालू द्या. आणि मग आळस न करता तो कागदावर छापून घ्या, कारण मोबाईलबरोबर फोटोही हरवतात आणि भिंतीवरचा मात्र नातवंडांच्या नजरेस पडतो.

छापलेली एक प्रत त्या माणसाच्या हातात नेऊन द्या. दिल्यावर लगेच निघू नका, घटकाभर थांबा. आधी तो जनावर पाहील. त्याचे पाहणे होईपर्यंत चहा येतोच.